वय नऊ, वाचन चौदाचं : नाइट, किल्ले आणि जादूची पुस्तकं सुचवा

सायली_औंध

लेक चौथीत आहे, नऊ पूर्ण. पुस्तक हातात आलं की तिला हाका ऐकू येत नाहीत. मराठी-इंग्रजी दोन्ही वाचते, इंग्रजीचा वेग जास्त. हॅरी पॉटरचे पहिले तीन भाग दोनदा वाचून झाले. चौथ्याच्या शेवटी स्मशानात जे घडतं ते आठवून पुढचे भाग मी सध्या थांबवलेत.

मध्यंतरी वाचनालयातून तिने मध्ययुगीन किल्ल्यांवरचं एक चित्रमय पुस्तक आणलं, आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. चिलखतं, भाले, शपथा, शोधमोहिमा, आणि जमल्यास एखादा ड्रॅगन, असं सगळं तिला हवंय.

अडचण अशी की दुकानात तिच्या वयाच्या कप्प्यातली नाइटांची पुस्तकं औंधहून डेक्कनला पोचेपर्यंत वाचून संपतात. त्याच्या वरचा कप्पा थेट सोळा-सतराच्या मुलांचा. मुखपृष्ठावर तलवार असते, आत मात्र प्रेमप्रकरणं आणि अंगावर येणारी हिंसा. मधलं काहीतरी असणारच ना? जाडजूड, खरं संकट असलेलं, भाषा कसदार, पण नऊ वर्षांच्या मनाला झेपेल असं. मुलगी नायिका असेल तर दुधात साखर. गोष्टीत प्राणी मेला की ती फार रडते, हेही सांगून ठेवते.

दूरदेशी

मी नेदरलँड्समध्ये राहतो, म्हणून इथलंच एक नाव आधी सांगतो : टोंके द्राख्त यांचं 'द लेटर फॉर द किंग'. मूळ डच पुस्तक १९६२ चं. लॉरा वॉटकिन्सन यांचा इंग्रजी अनुवाद पुश्किन प्रेसने काढला तो थेट २०१३ मध्ये, त्यामुळे आपल्याकडे ते फारसं पोचलेलं नाही. इथे मात्र आजोबा, आई आणि नातू अशा तीन पिढ्यांनी तेच पुस्तक वाचलेलं असतं. २००४ साली, आदल्या पन्नास वर्षांतलं सर्वांत चांगलं डच बालपुस्तक म्हणून त्याला 'ग्रिफेल डर ग्रिफेल्स' हा मान मिळाला.

तिउरी सोळा वर्षांचा आहे. उद्या तो नाइट होणार. आदली रात्र आणखी चार मुलांबरोबर प्रार्थनामंदिरात जागून काढायची असते. बोलायचं नाही, बाहेरून काही ऐकू आलं तरी लक्ष द्यायचं नाही. आणि नेमकं त्याच रात्री दाराबाहेरून कुणीतरी हलक्या आवाजात मदत मागतं. दार उघडलं तर नाइटपद हातचं जाणार. तो उघडतो. तिथून त्याच्याकडे एक पत्र येतं, ते डोंगरांपलीकडच्या राज्यात राजा उनावेनकडे पोचवायचं असतं, आणि मागावर लाल घोडेस्वार. पुढची जवळजवळ पाचशे पानं हा प्रवासच आहे.

सायलीताई, तुमच्या यादीतलं जवळपास सगळं यात आहे. संकट खरं आहे, माणसं मरतात, पण लेखिका रक्तात रमत नाही. प्रेमाचा धागा अगदी बारीक. जादू मात्र नाही म्हटलं तरी चालेल. तरी वाचताना अद्भुताची सगळी हुरहूर मिळते, कारण जंगलं, मठ, डोंगरातला साधू, नदीवरचा जकातदार हे सगळं तिने फार जीव लावून उभं केलंय. तिउरी फारसा लढत नाही. दिलेला शब्द पाळायचा, कुणावर विश्वास टाकायचा ते ठरवायचं, आणि घाबरलेलं असतानाही चालत राहायचं, एवढंच त्याचं शौर्य.

द्राख्त यांचा जन्म १९३० चा, तेव्हाच्या बटाव्हियातला, म्हणजे आजच्या जाकार्तातला. युद्धात त्यांची कुमारवयातली वर्षं जपान्यांच्या छावणीत गेली आणि लिहायला सुरुवातही तिथेच झाली. हे कळल्यावर मी पुस्तक पुन्हा वाचलं. पाठलाग होणाऱ्या मुलाची भीती इतकी खरी का वाटते ते तेव्हा उमगलं.

यावर २०२० मध्ये आलेली मालिका मात्र आधी दाखवू नका. तिच्यात जादू घुसवून गोष्ट पार बदलली आहे.

वाचस्पती

मुलांना कमी लेखू नये असं माझं ठाम मत. चौदाचं वाचणाऱ्या मुलीला सरळ टॉल्किन द्या. 'द हॉबिट' तर द्याच, पाठोपाठ 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'ही. मराठीत हवं असेल तर मुग्धा कर्णिकांचा 'स्वामी मुद्रिकांचा' आहे. जे कळणार नाही ते ती ओलांडून जाईल, पुढच्या वाचनात कळेल. आपण सगळे असेच वाचत मोठे झालो.

'हॉबिट'ची जन्मकथाही तिला सांगा. १९३६ साली हस्तलिखित प्रकाशकाकडे गेलं तेव्हा स्टॅन्ली अन्विन यांनी ते आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनरला, वाचायला दिलं. एका शिलिंगच्या मोबदल्यात त्याने अभिप्राय लिहिला आणि पुस्तक चांगलं असल्याचं कळवलं. १९३७ मध्ये ते छापून आलं. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आवडेल असं त्या पोराने लिहिलं होतं!

पानोपानी

नाशिकला घरच्या घरी मुलांचं वाचनालय चालवते. 'वयाच्या पुढचं वाचणारी मुलं' हा प्रश्न पालक मला सतत विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अशा मुलांच्या बाबतीत दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजाव्या लागतात. एक भाषेची उंची, दुसरं आशयाचं वजन. मुलीची भाषा चौदाची झाली म्हणून तिचं मन चौदाचं होत नाही. अमेरिकेत लेक्साइल नावाची मोजपट्टी वापरतात. ती वाक्यांची लांबी आणि शब्द किती नेहमीचे आहेत हे पाहते, आत काय घडतं ते तिला दिसतच नाही. म्हणून स्टाइनबेकच्या 'द ग्रेप्स ऑफ रॅथ'ला तिथे ६८० चा आकडा मिळतो आणि 'डायरी ऑफ अ विंपी किड'ला साधारण ९५०. शाळा असा आकडा हातात देते आणि पालक त्यावर पुस्तकं शोधत बसतात.

माझा अनुभव असा की अशा मुलांना वरच्या कप्प्यात नेण्याऐवजी जुन्या काळात न्यावं. साधारण १८८० ते १९७० या काळात इंग्रजीत मुलांसाठी लिहिणाऱ्यांनी भाषा पातळ केली नाही. लांब वाक्यं, जुने शब्द, निसर्गाची दोन-दोन पानं वर्णनं. आणि मजकूर मात्र मुलांना समोर बसवून सांगितल्यासारखा. पुढचं वाचणाऱ्या मुलाला नेमकी हीच झटापट हवी असते.

नाइटांसाठी पहिलं नाव हॉवर्ड पाइल. हा अमेरिकी चित्रकार, पुस्तकं स्वतः लिहायचा आणि चित्रंही स्वतःच काढायचा. 'द मेरी अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड' १८८३ चं. आर्थरवर त्याचे चार खंड आहेत, पहिला १९०३ चा आणि शेवटचा १९१० चा. भाषा मुद्दाम जुन्या वळणाची आहे. पहिली वीस पानं जड जातात. तेवढी तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा, कान तयार झाला की मूल पुढे एकटं पळतं. पण माझं सगळ्यांत लाडकं म्हणजे 'मेन ऑफ आयर्न'. चौथ्या हेन्रीच्या काळातला मायल्स फॉलवर्थ. वडील आंधळे झालेले आणि राजद्रोहाच्या खोट्या आळामुळे लपून राहणारे. मुलगा एका मोठ्या सरदाराच्या किल्ल्यात स्क्वायर, म्हणजे शिकाऊ नाइट, म्हणून जातो. तिथे थोरली मुलं धाकट्यांना राबवून घेतात आणि हा मान तुकवत नाही. आज शाळेच्या बसमध्ये जे चालतं तेच सहाशे वर्षांपूर्वीच्या वेशात वाचताना मुलं अक्षरशः श्वास रोखून धरतात.

पाइलचंच 'ऑटो ऑफ द सिल्व्हर हँड' मात्र सध्या ठेवून द्या. त्यात लहान मुलाचा हात तोडतात. पुस्तक सुंदर आहे, पण तुमच्या लेकीचा स्वभाव पाहता दोन-तीन वर्षांनी.

पाइल फारच जड गेला तर रॉजर लान्सलिन ग्रीन यांचं १९५३ चं 'किंग आर्थर अँड हिज नाइट्स ऑफ द राउंड टेबल'. विखुरलेल्या कथा त्यांनी एका सूत्रात ओवल्या आहेत आणि भाषा स्वच्छ आहे. पफिनच्या आवृत्त्या सहज मिळतात.

आणि टी. एच. व्हाइट यांचं 'द सोर्ड इन द स्टोन', १९३८. लहानगा आर्थर म्हणजे वॉर्ट, आणि त्याचा शिक्षक मर्लिन, जो काळात उलटा जगतो. शिकवायचं म्हणून तो मुलाला मासा करतो, ससाणा करतो. शिक्षणावरचं इतकं आनंदी पुस्तक मी दुसरं वाचलेलं नाही. पण एक सावधानता हवी. दुकानात बहुधा १९५८ चा एकत्रित ग्रंथ, 'द वन्स अँड फ्यूचर किंग', मिळतो. त्याचा फक्त पहिला भाग द्या. दुसऱ्याच्या सुरुवातीलाच एका मांजराचे हाल आहेत आणि पुढे एका युनिकॉर्नची हत्या. सायलीताई, हे तुमच्या लेकीला नको.

वाचस्पतींना एवढंच म्हणेन की ओलांडून जाणारी मुलं असतात तशी अडकून बसणारीही असतात. रात्र-रात्र झोप न आलेली मुलं मी पाहिली आहेत. आपलं मूल कुठल्या जातकुळीचं ते आईला माहीत असतं.

मृद्गंध

रेडवॉल! रेडवॉल! ब्रायन जॅक्स. मठातले उंदीर, तलवार, वेढे, आणि बावीस पुस्तकांची मालिका, म्हणजे वर्षभराची चिंता मिटली.

वाचस्पती

पानोपानी, मुद्दा मान्य. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा संथपणा हेही थांबण्याचं चांगलं कारण आहे. नऊ वर्षांच्या मुलाला पहिली दोनशे पानं कंटाळा आला तर ते पुस्तक कायमचं मनातून उतरू शकतं. 'हॉबिट' मात्र लगेच द्या, यावरून मी हटणार नाही.

पानोपानी

'हॉबिट'ला पूर्ण अनुमोदन.

मृद्गंध, रेडवॉल मलाही प्रिय आहे. जॅक्स लिव्हरपूलमध्ये दूध टाकायचे. त्यांच्या वाटेवर अंध मुलांची शाळा होती आणि तिथल्या मुलांना वाचून दाखवण्यासाठी त्यांनी ही गोष्ट लिहिली. म्हणून त्यात वास, चवी, आवाज एवढे ठासून भरलेत. मेजवान्यांची वर्णनं वाचून मुलं भूक लागली म्हणतात. पहिलं पुस्तक १९८६ चं.

दोन गोष्टी सांगायला हव्यात. मालिकेत लाडकी पात्रं मरतात, पहिल्या पुस्तकातही, आणि पात्रं प्राणीच असल्याने सायलीताईंच्या लेकीला ते लागेल. दुसरं म्हणजे तिथे घुशी, मुंगसासारखे वीझल, कोल्हे हे बहुतेक जन्मतःच दुष्ट. कुठल्या जातीत जन्मला यावरून कोण चांगला, कोण वाईट हे ठरतं. आपल्या घरात यावर मुलांशी बोलायलाच हवं असं मला वाटतं. माझ्याकडच्या एका मुलाने आपणहून विचारलं होतं, चांगली घूस का नाही? त्या प्रश्नावर आमची पूर्ण एक बैठक झाली.

झेलम

मुलगी नायिका हवी म्हटलंत म्हणून टॅमोरा पिअर्स. 'अलाना : द फर्स्ट अ‍ॅडव्हेंचर', १९८३. जुळी भावंडं. मुलाला जादू शिकायची आहे, मुलीला नाइट व्हायचंय, आणि घरचे नेमकं उलटं ठरवतात. दोघं जागा बदलतात आणि अलाना मुलगा बनून राजवाड्यात शिकायला जाते. ती लहानखुरी आहे, मार खाते, पहाटे उठून जादा सराव करते. माझ्या भाचीने हे वाचल्यावर कराटेचा क्लास पुन्हा सुरू केला होता.

पहिल्या भागात अलानाला पाळी येते, तो प्रसंग आहे. फार साधेपणाने आणि नीट लिहिलाय. घरात हा विषय बोलून झाला नसेल तर आधी बोलून घ्या, किंवा या पुस्तकाच्या निमित्ताने बोला. पुढच्या भागांत ती मोठी होते, प्रेमसंबंध येतात. ते तेरा-चौदाच्या पुढेच.

मला विचाराल तर त्याच जगातली दुसरी मालिका, 'प्रोटेक्टर ऑफ द स्मॉल', नऊ वर्षांसाठी जास्त योग्य. पहिलं पुस्तक 'फर्स्ट टेस्ट', १९९९. केल ही मुलगी असल्याचं न लपवता नाइटपदाचं शिक्षण घ्यायला जाते. मुलगी आहे म्हणून तिला एक वर्षाच्या परीक्षेवर ठेवतात, मुलांना ठेवत नाहीत. हा अन्याय तिला दिसतो, राग येतो, तरी ती ठरवून उभी राहते. तिच्याकडे जादू नाही. जे आहे ते मेहनतीचं आणि चिडलेलं असताना डोकं थंड ठेवण्याचं. दुबळ्यांना छळणाऱ्या थोरल्या मुलांपुढे ती उभी राहते ती प्रकरणं मी कितीदा वाचली असतील.

ठाणेकर_बाबा

आर्थरकथा देताना पालकांना एक धास्ती असते, मलाही होती. मूळ कथेत काय काय आहे! मर्लिनच्या जादूने फसवून झालेला आर्थरचा जन्म, राणी ग्विनेव्हिअर आणि लान्सलॉट यांचं प्रेम, शेवटी मॉर्ड्रेडशी लढाई. या कथा एकत्र करणाऱ्या मॅलरीचा ग्रंथ कॅक्स्टनने १४८५ मध्ये छापला, तेव्हापासून हा गुंता तसाच आहे. मुलांच्या आवृत्त्या तो हलक्या हाताने सांगतात, पण काढून टाकू शकत नाहीत. काढला तर गोष्टच उरत नाही.

मग मनात आलं, आपली मुलं महाभारत ऐकत मोठी होतात. जन्मरहस्य लपवून वाढलेला कर्ण त्यांना सहा वर्षांचे असताना कळतो. भर सभेतली द्रौपदी कळते. भाऊबंदकीत राज्य कसं लयाला जातं ते कळतं. आर्थर स्वतः कोण आहे हे माहीत नसताना दुसऱ्याच्या घरी वाढतो, हे वाचताच माझी मुलगी म्हणाली, कर्णासारखा. पुढे लान्सलॉटने राजाशी असं का केलं, हा प्रश्न आला. मी म्हटलं, तो चांगला माणूस होता आणि तरी त्याने मित्राचं मन मोडलं, दोन्ही खरं आहे. तिने ते जसंच्या तसं स्वीकारलं. ज्या घरात भीष्माची प्रतिज्ञा आणि तिचे परिणाम जेवताना बोलले जातात, त्या घरातल्या मुलाला गोलमेजाचं मोडणं झेपतं. आपल्याकडे ही तयारी आधीच झालेली असते. तिच्यावर विश्वास ठेवावा.

सोलापूरकर

मराठीतूनही द्या हो. वेताळ पंचविशी, सिंहासन बत्तीशी, हातिमताई. हातिमताईचे सात प्रश्न म्हणजे सात शोधमोहिमाच आहेत. दुसऱ्याच्या प्रेमापायी हा माणूस स्वतः रानोमाळ हिंडतो. नाइट याहून वेगळं काय करतात? नाथमाधवांची 'वीरधवल' जुन्या पिढीने झपाटल्यासारखी वाचली. आजच्या मुलाला भाषा अवघड वाटेल, पण धागाकर्तीच्या लेकीला अवघडच तर हवंय.

गोनीदांच्या शिवकाळावरच्या कादंबऱ्याही आहेत : 'बया दार उघड', 'हरहर महादेव', 'दर्याभवानी', 'झुंजार माची', 'हे तो श्रींची इच्छा'. नऊ वर्षांच्या मुलीने एकटीने वाचाव्यात असं म्हणणार नाही. मोठ्याने वाचा. ती भाषा बोलली जावी अशीच लिहिलेली आहे. आमच्याकडे रात्री जेवणं झाल्यावर एक प्रकरण असा नेम असे.

रुस्तमबाग

मुंबईकर पारशी शेजाऱ्यांत वाढले, म्हणून शाहनामा सुचवल्याशिवाय राहवत नाही. फिरदौसीने तो १०१० मध्ये पूर्ण केला. रुस्तम, सोहराब ही नावं आपण मुंबईत रोज ऐकतो, त्यांच्या गोष्टी मात्र क्वचित सांगितल्या जातात. पांढऱ्या केसांचा जन्मला म्हणून बापाने डोंगरावर टाकलेला झाल, त्याला वाढवणारा सीमुर्ग पक्षी, झालचा मुलगा रुस्तम आणि त्याचा घोडा रख्श. रुस्तमच्या सात संकटांत रख्श झोपलेल्या धन्याला वाचवायला सिंहाशी लढतो. घोड्यावर प्रेम करणाऱ्या मुलांना हे फार आवडतं. मुलांसाठीचं पुनर्कथन घ्या. रुस्तम-सोहराबचा शेवट मात्र आधी स्वतः वाचा. बापाच्या हातून, न ओळखता, मुलगा मारला जातो. माझ्या मते हे मुलांपासून लपवू नये, पण त्या वेळी आपण शेजारी असावं.

तटबंदी

गोष्टींच्या जोडीला खरा इतिहास दिलात तर तिची भूक दुप्पट भागेल. डेव्हिड मॅकॉले यांचं 'कॅसल', १९७७. वेल्समधला एक काल्पनिक किल्ला पायापासून कसा बांधला गेला ते रेखाटनांतून दाखवलंय. गवंडी, सुतार, लोहार, चुन्याचं काम, शौचकूप कुठे काढायचे, सगळं. यासोबत फ्रान्समधल्या गेडेलोंचे व्हिडिओ दाखवा. तिथे १९९७ पासून तेराव्या शतकातल्या पद्धतीने खराखुरा किल्ला बांधत आहेत. दगड जागेवर घडवतात आणि माणूस आत चालतो त्या लाकडी चाकाने वर चढवतात.

चिलखताबद्दलही एक गैरसमज तिच्या मनातून काढा. नाइटला यारीने (क्रेनने) उचलून घोड्यावर बसवत, हे खोटं आहे. लढाईचं संपूर्ण पोलादी चिलखत साधारण २० ते २५ किलोचं, आणि वजन सगळ्या अंगावर वाटलेलं. घालून पळता येत असे, घोड्यावर चढताही येत असे.

आणि तिला विल्यम मार्शलची गोष्ट सांगा, ती कुठल्याही कादंबरीला भारी आहे. पाच-सहा वर्षांचा असताना बापाने त्याला राजा स्टीफनकडे ओलीस ठेवलं आणि मग शब्द फिरवला. मुलाला फाशी देऊ, असा राजाने निरोप धाडला. बापाचं उत्तर असं की याहून चांगले मुलगे घडवायला माझ्याकडे हातोडा आणि ऐरण अजून शाबूत आहेत. राजाला त्या पोराला मारवलं नाही. तेच पोर पुढे इंग्लंडमधला सर्वांत नावाजलेला नाइट झालं आणि म्हातारपणी बालराजा तिसऱ्या हेन्रीच्या वतीने राज्य चालवलं. १२१९ मध्ये वारला, लंडनच्या टेंपल चर्चमध्ये त्याची कबर आहे. बापाने मोडलेला शब्द पाहिलेला मुलगा शब्दाला जागणारा म्हणून नावाजला गेला, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

मुलगी महाराष्ट्रातच आहे, तर 'कॅसल' वाचून झाल्यावर तिला रायगडाच्या महादरवाजापाशी उभं करा. दोन बुरुजांच्या कवेत वळवून नेलेली ती वाट, दरवाजा अगदी जवळ येईपर्यंत न दिसणारा. वेल्सचा किल्ला आणि सह्याद्रीतला गड यांनी शत्रूला अडवायच्या कोणत्या वेगळ्या युक्त्या केल्या ते तिलाच शोधू द्या.

मीनल_डोंबिवली

पैशाचा प्रश्न असणाऱ्यांसाठी : पाइलची पुस्तकं प्रोजेक्ट गुटेनबर्गवर चित्रांसकट मोफत आहेत, आणि लिब्रिवॉक्सवर ऐकायलाही मिळतात. आम्ही लोकलच्या प्रवासात रॉबिन हूड ऐकून संपवला. चित्रकथा चालत असेल तर हॅल फॉस्टर यांची 'प्रिन्स व्हॅलियंट', १९३७ पासूनची. एकेक चौकट बघत बसावी अशी.

'रेंजर्स अ‍ॅप्रेंटिस' कुणीच कसं सुचवलं नाही?

झेलम

मीनल, पहिली दोन पुस्तकं अगदी द्या. विलला नाइट व्हायचं असतं, पण चणीने लहान म्हणून घेत नाहीत आणि तो हॉल्टसारख्या अबोल गुरूच्या हाताखाली जातो. तिसऱ्यात, 'द आइसबाउंड लँड'मध्ये, त्याला गुलामीत नशेच्या पाल्याची सवय लावतात. ते प्रकरण जबाबदारीने लिहिलंय, तरी नऊला थांबावं.

पानोपानी

लॉइड अलेक्झांडर राहिले की! 'द बुक ऑफ थ्री', १९६४. प्रायडेनची पाच पुस्तकं, पाया वेल्सच्या जुन्या 'माबिनोगियन' कथांचा. ताराण हा डुकरं राखणारा पोऱ्या, त्याला वीर व्हायचंय. ती डुक्करीण भविष्य सांगते आणि ती सुखरूप राहते, हे सायलीताईंच्या लेकीला आधीच सांगा. आयलॉनवी ही राजकन्या बोलायला लागली की पानभर थांबत नाही, मुलींना फार आवडते. शेवटच्या 'द हाय किंग'ला १९६९ चं न्यूबेरी हे अमेरिकेतलं बालसाहित्याचं पारितोषिक मिळालं, पण माझ्या मते खरं रत्न चौथं, 'ताराण वाँडरर'. यात मोठी लढाई नाही. आपले आईबाप कोण, आपण कुणा उच्च कुळातले आहोत का, हे शोधायला तो निघतो आणि वाटेत लोहाराकडे, विणकराकडे, कुंभाराकडे काम शिकतो. कुंभाराच्या चाकापाशी त्याला कळतं की हे काम त्याला सगळ्यांत प्रिय आहे आणि त्यात तो उत्तम कधीच होणार नाही. सगळ्यात पहिला नंबर येणाऱ्या हुशार मुलांनी हे पुस्तक जरूर वाचावं.

सायली_औंध

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू! धागा छापून फ्रिजवर लावलाय, लेक त्यावर खुणा करतेय.

'द लेटर फॉर द किंग' आलं आणि सुरू झालं. दार उघडावं की नाही यावर घरात वाद झाला. ती म्हणाली, नियम मोडला तर तो नाइट कसला, आणि मदतीला गेला नाही तर तरी नाइट कसला? पुस्तक हातात घेऊनच झोपते. 'मेन ऑफ आयर्न' गुटेनबर्गवरून उतरवून ठेवलंय. रात्री ग्रीनचा आर्थर आम्ही दोघी मिळून वाचतो. ठाणेकर_बाबा, तुमचं महाभारताचं म्हणणं मला फार धीर देऊन गेलं. मी खरंच ग्विनेव्हिअरपाशी अडखळले होते.

दोन शंका आहेत. सर गवेन आणि ग्रीन नाइटची गोष्ट तिने कुठेतरी ओझरती वाचलीये, ती पूर्ण हवी म्हणते. आणि दूरदेशी, तिउरीचा पुढचा भाग आहे का?

पानोपानी

गवेनसाठी मायकल मॉर्पर्गो यांचं पुनर्कथन, मायकल फोरमन यांच्या चित्रांचं, २००४. मूळ काव्य चौदाव्या शतकाच्या अखेरचं, कवीचं नाव कुणालाच ठाऊक नाही आणि हस्तलिखित जगात एकच उरलंय. हिरव्या नाइटचं डोकं उडतं आणि तो ते उचलून घेऊन जातो, त्याला मुलं घाबरत नाहीत, खूश होतात. मधे किल्ल्यातली बाई गवेनला मोहात पाडू पाहते, ती पानं तुम्ही आधी चाळा. शेवटी जीव वाचवण्यासाठी गवेन एक छोटीशी गोष्ट लपवतो आणि त्याची लाज उघडपणे अंगावर वागवतो. तुमच्या लेकीने दारावरून जो प्रश्न विचारला ना, तिला हे नक्की भिडेल.

दूरदेशी

आहे, 'द सीक्रेट्स ऑफ द वाइल्ड वुड'. इंग्रजीत २०१५ मध्ये आलं. जाडीला तेवढंच, पण जास्त गडद. मित्रांमधला संशय आणि युद्धाची सावली आहे. पहिलं संपल्यावर लगेच मागेल ती, तरी मधे 'हॉबिट' आणि ताराण होऊ द्या. आणि लेकीला माझ्याकडून विचारा, नदीवरच्या जकातदाराशी तिउरी जे वागतो ते तिला पटलं का. इथे माझा मुलगा उत्तराची वाट बघतोय, त्याला पटलेलं नाही.